काष्ठठसाचित्रण

काष्ठठसाचित्रण : लाकडी फळीवर आकृती कोरून, उठावात राहिलेल्या भागास शाई लावून, कागदावर तिचा छाप घेण्याची कला. चित्रात जे भाग पांढरे राहावयाचे असतात, ते पटाशीने व चाकूने कोरून काढतात. न कोरलेला भाग काळा उमटतो. छाप आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा येत असल्याने आकृती फळीवर उलट बाजूने रेखाटावी लागते. उठाव मुद्रणाचा हा सर्वांत जुना प्रकार होय. रंगीत काष्ठठसे पुष्कळ देशांत निर्माण झाले असले, तरी या माध्यमाचे खरे सामर्थ्य एका फळीवरून काळ्या शाईने घेतलेल्या कृष्णधवल छापात प्रत्ययास येते. महाराष्ट्राच्या संदर्भात या कलेचा इतिहास काहीसा विलक्षण आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या परिसरात तिला लागणारी बहुतेक सर्व सामग्री आणि कौशल्ये शतकानुशतके उपलब्ध होती. तथापि कागदावरील काष्ठठसाचित्र तेथे परंपरा म्हणून रुजले नाही. ते मुंबईत विसाव्या शतकात अवतरले आणि तेही सर्वस्वी निराळ्या प्रेरणेने.

तंत्र : काष्ठठशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात लाकडाचा तंतूंच्या दिशेने कापलेला छेद वापरतात. या फळीवर तंतूंच्या आडवे कोरताना लाकूड विरोध करते, त्यामुळे रेषा ठसठशीत आणि कडा काहीशा टोकदार येतात. दुसऱ्यात बुंध्याचा आडवा छेद वापरतात. त्यात तंतूंची टोके पृष्ठभागावर येत असल्याने कोणत्याही दिशेने अत्यंत बारीक रेषा कोरता येते. यासाठी बॉक्स या झाडाचे घट्ट लाकूड वापरात होते. इंग्रज कोरक टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने या दुसऱ्या प्रकाराला कलेची प्रतिष्ठा दिली. त्याने कोरलेली रेषा पांढरी उमटत असे. म्हणजे तो काळ्या पार्श्वभूमीवर उजेडाने रेखाटन करीत असे. पहिल्या प्रकारात परंपरेने रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून काळी रेषा शिल्लक ठेवीत. काळी रेषा राखणे आणि पांढरी रेषा खोदणे या दोन पद्धतींतून या माध्यमाच्या दोन भिन्न वृत्ती निर्माण झाल्या.

शाई रुळाने किंवा गादीने लावतात. छाप दाबयंत्रावर घेता येतो. परंतु फळीवर कागद ठेवून तो मागील बाजूने चमच्याने किंवा घोटणीने घासूनही उत्तम छाप मिळतो. त्यामुळे यंत्र नसलेल्या कलावंतासही हे माध्यम साधते. विसाव्या शतकात लाकडाऐवजी लिनोलियमचा वापर सुरू झाला. लिनोलियमला तंतू नसतात, ते मऊ व स्वस्त असते. कोरण्याचे आणि छपाईचे तत्त्व मात्र तेच राहते.

अभिव्यक्तीची वैशिष्ट्ये : या माध्यमात करड्या छटा नाहीत. रंगचित्रकार प्रकाशाकडून अंधाराकडे पायरीपायरीने जाऊ शकतो. काष्ठठसाकाराला प्रत्येक ठिकाणी एकच निर्णय घ्यावा लागतो, लाकूड ठेवावयाचे की काढावयाचे. करडेपणाचा भास निर्माण करावयाचा झाल्यास त्याला समांतर रेषा, ठिपके किंवा खाचा यांचाच आश्रय घ्यावा लागतो. काढलेले लाकूड परत बसविता येत नाही. म्हणून निर्णय अंतिम असतो आणि त्याची निश्चिती छापात दिसते. पांढरा हा येथे लावलेला रंग नसून उघडा राहिलेला कागद असतो. त्यामुळे प्रकाश बाहेरून पडल्यासारखा न वाटता चित्रातूनच बाहेर आल्यासारखा वाटतो. तपशील वगळणे भाग पडत असल्याने मुद्रा, हात, पाठीचा बाक यांसारखे थोडके अवयवच आशय वाहून नेतात. लाकडाच्या तंतूंचे वळ आणि पटाशीच्या खुणा छापात राहिल्या, तर श्रमाचा व प्रतिकाराचाही ठसा चित्रावर उमटतो.

लेणी खोदणाऱ्या पाथरवटाचे काम तत्त्वतः याच जातीचे असते. तोही वस्तू घडवीत नाही, तर खडक काढून ती मोकळी करतो, आणि त्याचीही चूक भरून निघत नाही. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील अर्धवट राहिलेल्या खोदकामात ही प्रक्रिया आजही पाहावयास मिळते.

जागतिक परंपरा : काष्ठठशाची सर्वांत जुनी परंपरा चीनमधील आहे. तुनह्‌वांग येथे सापडलेल्या इ. स. ८६८ मधील वज्रच्छेदिका सूत्राच्या मुद्रित गुंडाळीच्या आरंभी सुभूतीला उपदेश करणाऱ्या बुद्धाचे काष्ठठसाचित्र आहे. यूरोपात पंधराव्या शतकात कागदाच्या प्रसाराबरोबर संतांच्या सुट्या प्रतिमा छापल्या जाऊ लागल्या. आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने १४९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रलयविषयक चित्रमालिकेत केवळ काळ्या रेषेच्या जाडी-बारकाईतून वादळ, गती आणि भय निर्माण केले. धाकटा हान्स होल्बाइन याची ‘मृत्यूचे नृत्य’ ही छोट्या आकाराची चित्रमाला १५३८ मध्ये ल्यों येथे प्रसिद्ध झाली. राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला गाठणारा सांगाडा हा तिचा विषय. जपानमध्ये सतराव्या शतकातील काळ्या छापांपासून आरंभ होऊन १७६५ च्या सुमारास बहुरंगी छापांपर्यंत ही कला पोहोचली.

एकोणिसाव्या शतकात आडव्या छेदावरील कोरीवकाम हे वृत्तपत्रांचे व पुस्तकांचे नित्याचे साधन बनले आणि कोरक हा दुसऱ्याच्या रेखाटनाची नक्कल करणारा कारागीर ठरला. छायाचित्रणावर आधारलेले ठसे प्रचारात आल्यावर त्याचा व्यवसाय संपुष्टात आला. परंतु त्यामुळेच काष्ठठसा पुन्हा कलावंताच्या हाती गेला. पॉल गोगँ आणि एडव्हार्ट मुंक यांनी लाकडाचा खडबडीतपणा लपविण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेतला. १९०५ मध्ये ड्रेझ्डेन येथे स्थापन झालेल्या ‘डी ब्रूक’ (सेतू) या गटातील किर्खनर, हेकेल इ. अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी हे माध्यम विशेषत्वाने हाताळले.

जर्मन चित्रकर्त्री केटे कोल्व्हिट्स (१८६७–१९४५) हिच्या कार्यात या माध्यमाचे सामर्थ्य सर्वांत स्पष्ट होते. तिचा धाकटा मुलगा पेटर १९१४ मध्ये युद्धात मारला गेला. त्या दुःखावरील चित्रांचे प्रयत्न तिने अनेक वर्षे केले. कार्ल लीबक्नेख्त याच्या स्मृतिचित्रासाठी तिने प्रथम अम्लरेखन व शिलामुद्रण ही माध्यमे वापरून पाहिली आणि अखेरीस १९२० मध्ये ते काष्ठठशात सिद्ध केले. ‘युद्ध’ ही तिची सात काष्ठठशांची मालिका १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील ‘मातापिता’ या चित्रात गुडघे टेकलेली दोन माणसे एकाच काळ्या पुंजात मिसळून गेली आहेत. पांढऱ्या खाचांतून केवळ एक हात आणि वस्त्रांच्या चुण्या जाणवतात. चेहरे जवळजवळ दिसत नाहीत, आणि ते दिसत नाहीत म्हणूनच ते दुःख कोणत्याही घरचे होते. बेल्जियन कलावंत फ्रान्स मासरील (१८८९–१९७२) याने याच सुमारास शब्दविरहित चित्रकथा रचून कृष्णधवल ठशांना कादंबरीचा आवाका दिला. चिनी लेखक लू शून याने ऑगस्ट १९३१ मध्ये शांघाय येथे तरुण कलावंतांसाठी काष्ठठशाचा वर्ग भरविला. चित्रे साक्षर-निरक्षर अशा सर्वांपर्यंत थोड्या खर्चात पोहोचावीत, हा त्यामागील हेतू होता.

जुन्नर-आंबेगाव परिसरातील पूर्वसामग्री : काष्ठठसाचित्रास लाकूड, काळा रंग, कागद आणि कोरणारा हात या चार गोष्टी लागतात. सह्याद्रीच्या पूर्व उताराशी असलेल्या या दोन तालुक्यांत व त्यांच्या आसपास या चारही गोष्टी होत्या. सागवानी खांब, तुळया, गणेशपट्ट्या यांवरील कोरीवकाम पुणे प्रांतातील वाड्यांतून विपुल आढळते. भीमाशंकर व आहुपे या भागांतील रानांतून गोळा होणारा हिरडा ही तेथील महादेव कोळी व इतर रहिवाशांची महत्त्वाची उपजीविका होय. हिरड्यातील टॅनिन आणि लोहक्षार यांच्या संयोगाने पक्का काळा रंग तयार होतो. कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारे रंगारी तो वापरीत. लेखनाची शाई काजळ व डिंक यांपासून करीत. ठसा कोरणे, त्यावर रंग घेणे आणि दाबून आकृती उमटविणे ही क्रिया कापडाच्या बाबतीत सर्वपरिचित होती.

कागदाच्या बाबतीत तर जुन्नरचे नाव महाराष्ट्रभर गाजलेले होते. दख्खनमध्ये कागदाचा वापर मुसलमानी राजवटीबरोबर रूढ झाला. पुढे निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे आरंभीचे ठाणे जुन्नर हेच होते. येथील कागदी जुने गोणपाट, दोरखंड आणि रद्दी कुजवून, चुन्याने शुद्ध करून व कुटून लगदा करीत. पाण्यात कालविलेला लगदा गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलून ताव तयार होई. तो भिंतीवर वाळवून, त्यास खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटीत. हा घोटीव ‘जुन्नरी कागद’ मराठी दप्तरांतून मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. पुण्यात कसबा पेठेजवळ वसलेली कागद्यांची वस्ती कागदीपुरा या नावाने ओळखली जाते.

परंपरा न रुजण्याची कारणे : एवढी सामग्री असूनही चित्रमुद्रण का उद्‌भवले नाही, या प्रश्नाचे उत्तर सामग्रीत नसून गरजेत शोधावे लागते. पहिले कारण कालक्रमाचे आहे. पूर्व आशियात मुद्रणाला चालना मिळाली ती बौद्ध धर्मातील पुनरावृत्तीच्या पुण्यकल्पनेतून. सूत्राच्या व प्रतिमेच्या जितक्या प्रती, तितके पुण्य. जुन्नर हे महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचे अत्यंत मोठे केंद्र असून तेथील खोदकाम इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत चालू होते. तेथील शिलालेखांत बांबूकाम करणारे, कासार व धान्यविक्रेते यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. परंतु त्या काळी दख्खनमध्ये कागद नव्हता; आणि कागद आला तेव्हा तो संघ उरला नव्हता. कान्हेरी येथे सापडलेल्या बौद्ध मृण्मुद्रांवरून ठशाने धर्मवचन उमटविण्याची कल्पना येथेही होती असे दिसते; तिला मातीऐवजी कागद लाभला नाही, एवढेच.

दुसरे कारण कागदाच्या उपयोगाचे आहे. जुन्नरी कागद हा बोरूसाठी सिद्ध केलेला होता. खळ लावून घोटल्यामुळे शाई न फुटता अक्षर सुरेख वठे. मात्र ठशाच्या छपाईला शाई शोषून घेणारा, मऊ, लवचिक कागद अधिक मानवतो. कारकुनी हीच कागदाची मुख्य गिऱ्हाईक होती. तिला एकाच मजकुराच्या शेकडो प्रती नको होत्या. प्रत्येक पत्र, प्रत्येक हिशेब वेगळा होता आणि मोडी लिपीचा वेग त्यास पुरेसा होता. तिसरे कारण प्रतिमेविषयीच्या अपेक्षेचे होय. देवादिकांची चित्रे, चित्रकथी परंपरेतील पोथ्या, सावंतवाडीची गंजिफा या सर्वांत रंग हा प्रतिमेचा प्राण मानला गेला. काळ्या रेषेवर थांबलेले चित्र या दृष्टीने अपुरे होते.

मुद्रणयुगातील स्थित्यंतर : भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले. तथापि मराठी मुद्रणाचा अखंड इतिहास एकोणिसाव्या शतकापासून सुरू होतो. विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे छापले गेले. त्याच वर्षी मिरज येथे पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्‌गीता छापण्यात आली. या उपक्रमाचे मूळ पुण्यास नाना फडणीसांच्या काळी झालेल्या प्रयत्नांत होते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने १८१७ पासून मराठी प्रकाशने काढली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले.

शिळाछाप हे महाराष्ट्रात काष्ठठसा न रुजण्याचे चौथे आणि निर्णायक कारण ठरले. शिळेवर लेखकाला आपल्या वळणाने लिहिता येई व चित्रकाराला कुंचल्याने काढता येई. कोरण्याची गरजच नव्हती. बंगालमध्ये याच्या उलट घडले. तेथे १८१६ मध्ये पहिले सचित्र बंगाली पुस्तक निघाले आणि पुढे कलकत्त्याच्या बटतला भागातील छापखान्यांतून काष्ठठशांची स्वस्त चित्रे सर्वसामान्यांच्या घरी गेली. महाराष्ट्रात लोकप्रिय चित्रांची मागणी पुण्याच्या चित्रशाळेने (स्थापना १८७८) आणि रविवर्मा छापखान्याने (स्थापना मुंबई, १८९४) रंगीत शिलामुद्रणाने पुरी केली. मराठी कोरकाचे कौशल्य चित्राऐवजी अक्षराकडे वळले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले देवनागरी टंक हे त्याचे श्रेष्ठ उदाहरण होय. पुढे छायाचित्रावरून धातूचे ठसे करण्याची पद्धती आली. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) याच व्यवसायात होते. अशा रीतीने काष्ठठशाला महाराष्ट्रात व्यवसाय म्हणून स्थान मिळण्यापूर्वीच त्याचा काळ संपला.

याच काळात जुन्नरच्या कागद्यांचाही व्यवसाय खालावला. गिरणीचा व कारागृहांत तयार होणारा कागद स्वस्त पडू लागला आणि छापखान्यांना घोटीव कागद नको होता. ज्या मुद्रणाने पुस्तक सर्वांच्या हाती दिले, त्यानेच हातकागदाचे गिऱ्हाईक नेले. स्वदेशी व ग्रामोद्योग चळवळीतून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली, तेव्हा हा कसब जवळजवळ नामशेष झाला होता.

विसाव्या शतकातील पुनरागमन : भारतात कलामाध्यम म्हणून काष्ठठशाचे पुनरुज्जीवन मुख्यतः शांतिनिकेतनच्या कलाभवनात झाले. नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी १९३० च्या दांडीयात्रेवर कोरलेला म. गांधींचा लिनोठसा सर्वश्रुत आहे. काळ्या पृष्ठभागावर मोजक्या पांढऱ्या रेषांनी काठी घेऊन चालणारी आकृती त्यात साकारली आहे. पार्श्वभूमी, जमाव, समुद्र यांपैकी काहीच नाही. ही पांढरी रेषा ब्यूइकच्याच पद्धतीची आहे. परंतु तिचा आशय सर्वस्वी भारतीय आहे. कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत व पुढे अध्यापकांत कोल्हापूरचे विनायक मासोजी हे होते. बंगालमध्ये रमेंद्रनाथ चक्रवर्ती आणि हरेन दास यांनी या माध्यमात ग्रामीण जीवन चित्रित केले, तर सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी तेभागा शेतकरी चळवळीच्या अनुभवांवर काष्ठठसे केले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) शिकलेल्या य. क. शुक्ल यांनी इटलीत मुद्राचित्रणाचे पुढील शिक्षण घेतले.

महाराष्ट्राच्या भूमीवर कृष्णधवल ठशाचे सामर्थ्य प्रकर्षाने प्रकटले ते चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–७८) यांच्या कार्यात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडून भुकेलेल्या माणसांची शाईतील रेखाटने केली. त्यांवरील पुस्तकाच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. १९४६ मध्ये ते मुंबईस आले आणि पुढील सु. तीन दशके अंधेरी येथे एका लहानशा खोलीत राहिले. १९४८-४९ च्या सुमारास पक्षकार्यापासून दूर झाल्यावर त्यांनी लिनोठशांना वाहून घेतले. दाबयंत्राची गरज नसलेले, स्वस्त आणि एकट्याने हाताळता येणारे हे माध्यम त्यांच्या परिस्थितीस अनुरूप होते. लहान वयात राबणाऱ्या मुलांवरील त्यांची लिनोठशांची मालिका १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तयार झाली आणि १९६९ मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने ती ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ या नावाने प्रसिद्ध केली. या चित्रांत काळा रंग मुलांच्या भोवतीचे शहर व्यापतो, तर पांढरा त्यांच्या अंगाखांद्यांवर व डोळ्यांत शिल्लक राहतो. दया उत्पन्न करणारा तपशील जवळजवळ नाही. आकृतीचा भरीवपणा आणि थेट नजर यांतून मुलांची प्रतिष्ठा राखली जाते.

मूल्यमापन : या माध्यमाला मर्यादाही आहेत. काळ्या-पांढऱ्याचा तीव्र विरोध चटकन परिणाम करतो; त्यामुळे सामान्य कलावंताच्या हाती तो भित्तिपत्रकाच्या ठोकळेबाजपणाकडे झुकतो आणि न्याय-अन्यायाचे चित्रही तितकेच सोपे करून टाकतो. श्रेष्ठ काष्ठठशात मात्र वगळलेल्या गोष्टींचा भार जाणवतो. कोल्व्हिट्स, नंदलाल बोस व चित्तप्रसाद या तिघांची संस्कृती, श्रद्धा व काळ भिन्न असूनही त्यांच्या छापांत आढळणारे साम्य हे आहे, की त्यांत एकही रेषा नक्षीसाठी कोरलेली नाही.

जुन्नर-आंबेगाव परिसराचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक ठरतो. लाकूड, हिरडा, कागद आणि कसबी हात यांच्या योगाने कला शक्य होते. तिची गरज मात्र समाजातून निर्माण व्हावी लागते. बौद्ध विहारांच्या काळी कागद नव्हता, दप्तरांच्या काळी प्रतींची गरज नव्हती आणि छापखान्यांच्या काळी शिळा अधिक सोयीची होती. ज्यांना चित्रातून बोलावयाचे होते पण ज्यांच्यापाशी साधने नव्हती, अशा माणसांची बाजू मांडण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा महाराष्ट्रात हे माध्यम मूळ धरू शकले. मुंबईच्या कलाशाळांतून आज मुद्राचित्रणाचे शिक्षण दिले जाते आणि त्यात काष्ठठसाही शिकविला जातो. जुन्नरी कागद मात्र आता जुन्या दप्तरांतच पाहावयास मिळतो. त्यावरील काजळाची शाई दोन-अडीचशे वर्षांनंतरही काळीभोर राहिली आहे.